प्रतिकृती विमानांची चालक शक्ती : ग्लो इंजिन व विद्युत मोटर

रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती विमानांचा पंखा फिरवण्याच्या दोन प्रचलित पद्धती. एकीत मिथेनॉलवर चालणारे लहान टू-स्ट्रोक इंजिन असते, दुसरीत लिथियम-पॉलिमर (लायपो) बॅटरीवरची ब्रशविरहित मोटर.

पहिल्या प्रकारच्या, म्हणजे ग्लो इंजिनात इंधन पेटवणाऱ्या भागाला ग्लो प्लग म्हणतात; हे नाव त्यातील तापून लाल होणाऱ्या प्लॅटिनमयुक्त तारेच्या वेटोळ्यावरून पडले. इंजिन सुरू करताना प्लगला सुमारे १.५ व्होल्टचा सेल जोडतात. इंजिनाने वेग धरला की सेल काढून घेतात. पुढे संपीडनाची व ज्वलनाची उष्णता आणि प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर मिथेनॉलची होणारी उत्प्रेरित अभिक्रिया यांमुळे तार लालच राहते. या प्रज्वलनाचे मूळ काही जण १८८०च्या दशकातील तप्त-नळीच्या इंजिनांत शोधतात. परंतु त्या नळीला बाहेरून सतत ज्योत द्यावी लागे व उत्प्रेरणाचा त्यात भाग नव्हता, त्यामुळे हे साम्य वरवरचे वाटते. ज्वलनशील वायू व हवा यांच्या मिश्रणात प्लॅटिनमची तार ज्योतीविना तप्त राहते, हे हम्फ्री डेव्ही यांचे १८१७ मधील निरीक्षण अधिक जवळचे पूर्वसूत्र मानावे लागेल. प्रतिकृतींसाठीचा ग्लो प्लग अमेरिकेत रे आर्डेन यांनी १९४७च्या सुमारास बाजारात आणला. त्यामुळे ठिणगी-प्रज्वलनासाठी विमानाला वाहावे लागणारे कॉइल, कंडेन्सर व बॅटरी यांचे ओझे गेले.

विद्युत उड्डाणाच्या अग्रक्रमाबाबतही दोन मते आहेत. ब्रिटनमध्ये कर्नल एच. जे. टॅपलिन यांनी ३० जून १९५७ रोजी ‘रेडिओ क्वीन’ हे प्रतिकृती विमान चांदी-जस्त बॅटरीवर उडवले. जर्मनीचे फ्रेड मिलित्की यांचे यशस्वी उड्डाण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातले, पण ते मुक्त उड्डाण होते. रेडिओ-नियंत्रण हा निकष धरला तर टॅपलिन यांचा दावा सरस ठरतो. मात्र विद्युत पद्धत सर्रास झाली ती ब्रशविरहित मोटर व लायपो सुलभ झाल्यावरच.

ग्लो इंधनात मिथेनॉलखेरीज साधारणतः १५ ते २० टक्के तेल व इंजिनाप्रमाणे कमीअधिक नायट्रोमिथेन असते. मिथेनॉलमध्ये दर किलोग्रॅमला सुमारे २० मेगाज्यूल ऊर्जा असते. लायपोत जेमतेम ०.५ ते ०.७. तीसपटीचा हा फरक उड्डाणात तेवढा दिसत नाही, कारण ग्लो इंजिन बहुतांश ऊर्जा उष्णतेत घालवते आणि चांगली मोटर ८० टक्क्यांहून अधिक ऊर्जा पंख्याला देते. टाकी रिकामी होत जाते तसे विमान हलके होते. बॅटरीचे वजन मात्र उतरेपर्यंत तेवढेच राहते.

नागपूरसारख्या ठिकाणी ही तुलना हवामानावर येऊन ठेपते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मी. उंचीवर आहे. डिसेंबरातील १२° से. तापमानाच्या सकाळच्या मानाने मे महिन्यातील ४५° से.च्या दुपारी, केवळ तापमानामुळे, हवा सुमारे एक दशमांशाने विरळ होते. ग्लो इंजिनाची ताकद त्याच प्रमाणात घटते व हिवाळ्यात लावलेली नीडल (इंधनाचे प्रमाण ठरवणारा स्क्रू) उन्हाळ्यात ‘रिच’, म्हणजे हवेच्या मानाने जास्त इंधन देणारी ठरते. ती फार आवळून मिश्रण ‘लीन’, म्हणजे कमी इंधनाचे केले तर इंजिन तापून अडकते. अशा वेळी इंधनातले एरंडेल उपयोगी पडते, कारण ते उच्च तापमानातही वंगणाचे काम करते. सिलिंडरवर त्याचा चिकट थर बसतो, हा त्याचा दोष. (पंखांवर उडणारे तेल पुसण्यात उड्डाणाहून अधिक वेळ जातो, तो वेगळाच.)

विद्युत मोटरला उन्हाळा बाधत नाही, हे अर्धसत्य आहे. मोटरचे फेरे टिकतात, पण विरळ हवेत पंख्याचा रेटा कमी होतो; मोटर वीजही कमी ओढते, म्हणून किंचित मोठा पंखा लावून तूट भरून काढता येते. खरी अडचण बॅटरीची. सुमारे ६०° से.च्या पुढे लायपो धोकादायक होते आणि मे महिन्यात उन्हात उभ्या बंद मोटारीत ती ठेवणे टाळावेच. थंडीच्या पहाटे तिचा व्होल्टेज दबतो, ग्लो इंजिनही सुरू व्हायला कुरकुरते. मिथेनॉल विषारी असून दिवसाउजेडी त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही.

ड्रोन नियम, २०२१ नुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमी. पट्ट्यात परवानगीविना उड्डाणाच्या उंचीची मर्यादा २०० फुटांची आहे, त्याहून जवळ परवानगी लागतेच. सोनेगावचा विमानतळ शहराला लागून असल्याने नागपुरात मैदान निवडताना हे अंतर आधी पाहावे लागते.