राऊटरला लावलेली डिस्क अचानक दिसेनाशी का होते?

घरच्या वायफाय राऊटरच्या पाठीमागे, लॅन केबलच्या पोर्टांशेजारी, बऱ्याचदा एक यूएसबी पोर्ट असतो. तिथे जुनी हार्डडिस्क किंवा पेनड्राइव्ह लावला की घरातल्या सगळ्यांना तो वायफायवरून उघडता येतो. गणपतीतले फोटो, लग्नाचे व्हिडिओ, मुलांचे शाळेचे प्रोजेक्ट, आजोबांनी जमवलेली नाट्यगीतं, सगळं एका जागी. मुंबईतल्या दोन खोल्यांच्या घरात वेगळा कॉम्प्युटर मांडायला टेबलच नसतं, तिथे ही सोय फार मोलाची आहे. आणि तरीही अनेक जण ती काही महिन्यांत सोडून देतात, कारण एके दिवशी लॅपटॉपवर ती डिस्क दिसेनाशी होते. टीव्हीवर मात्र तिच्यातली गाणी वाजतच असतात.

मग दोष आधी डिस्कला दिला जातो, मग राऊटरला, मग इंटरनेटवाल्याला. ‘डिस्क गेली’ असं समजून ती फॉरमॅट करून टाकणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यानंतर घरात जी हळहळ होते तीही पाहिली आहे. म्हणून सुरुवातीलाच सांगतो: डिस्क दिसत नाही याचा अर्थ डिस्कमधलं काही गेलं असा होत नाही. फॉरमॅटच्या बटणाला हात लावू नका. इंटरनेटवाल्याचाही यात संबंध नाही. बाहेरची लाइन पूर्ण बंद असली तरी घरातल्या घरात फायली मिळायला हव्यात.

राऊटर हा एक छोटा कॉम्प्युटरच आहे. बहुतेक राऊटरांवर लिनक्स चालतं, मेमरी १२८ किंवा २५६ एमबी. डिस्कला वीज पुरवणं, तिच्यावरची मांडणी वाचणं, ती घरातल्या जाळ्यात दाखवणं आणि समोरच्या लॅपटॉपशी त्याला कळेल अशा भाषेत बोलणं, ही सगळी कामं तोच करतो. यातलं कोणतंही काम अडलं तरी विंडोजच्या पडद्यावर बहुधा एकच संदेश येतो: ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’, आणि शेवटी ८००७००३५ असा आकडा असलेला एक कोड. संदेश एक, कारणं अनेक. म्हणून खालून वर तपासत जायचं.

सगळ्यात खाली वीज. नियमाप्रमाणे यूएसबी २.० च्या पोर्टानं ५ व्होल्टवर ५०० मिलीअँपिअर द्यायचे असतात, यूएसबी ३.० नं ९००. लॅपटॉपमधली अडीच इंची हार्डडिस्क फिरायला लागते त्या क्षणी तिला १ अँपिअरच्या आसपास वीज लागू शकते. राऊटरचा अडॅप्टर बऱ्याचदा १२ व्होल्ट, १ अँपिअरचा असतो, म्हणजे सगळा मिळून १२ वॉट, आणि त्यावरच प्रोसेसर आणि वायफायही चालायचं असतं. डिस्कला कान लावा. टक् आवाज येतो, ती फिरायला लागते, थांबते, पुन्हा टक्. पेनड्राइव्ह चालतो पण हार्डडिस्क चालत नाही, हीसुद्धा त्याचीच खूण. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये लावला की हे थांबतं. लॅमिंग्टन रोडला घ्यायला गेलात तर ‘पॉवर्ड हब’ असंच मागा. साधा हब तीच तुटपुंजी वीज चार जागी वाटतो. आणि राऊटरला मिनी यूपीएस लावला असेल तर या हबचा अडॅप्टरही यूपीएसवर घ्या. नाहीतर दिवे गेले की राऊटर चालू राहतो आणि डिस्क मात्र लिहिता लिहिता बंद पडते.

ही लिहिता लिहिता बंद पडण्याची गोष्ट पुढच्या पायरीवर त्रास देते. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीनं तयार केलेली डिस्क नीट ‘इजेक्ट’ न करता उपटली, किंवा मध्येच वीज गेली, तर तिच्यावर ‘काम अर्धवट आहे’ अशी खूण राहते. ती खूण दिसली की राऊटरमधलं लिनक्स सावध होतं. काही राऊटर डिस्क नुसती वाचू देतात, काही ती जोडूनच घेत नाहीत. फोटो उघडतात पण नवीन टाकता येत नाहीत, अशी तक्रार असेल तर पहिला संशय याचाच घ्यावा. डिस्क विंडोजच्या लॅपटॉपला थेट लावायची, तिच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन एरर चेकिंग चालवायचं आणि नीट इजेक्ट करून परत राऊटरला लावायची.

एफएटी ३२ पद्धतीच्या डिस्कवर वेगळीच अडचण येते. तिथे फाइलचा आकार ३२ बिटांत लिहितात, त्यामुळे एका फाइलला ४,२९,४९,६७,२९५ बाइटच्या पुढे जाताच येत नाही. लग्नाचा तासाभराचा व्हिडिओ कॉपी होता होता ४ जीबीला अडतो तो यामुळे, जागा कितीही शिल्लक असली तरी. एक्सएफएटीमध्ये ही मर्यादा नाही, पण लिनक्सच्या गाभ्यात तिचा पक्का आधार २०२० मध्ये, ५.७ आवृत्तीत आला, आणि घराघरांतले कितीतरी राऊटर त्याहून जुन्या लिनक्सवर चालतात. मॅकची एपीएफएस डिस्क तर सहसा चालतच नाही. घरात विंडोजची यंत्रं जास्त असतील तर मी एनटीएफएसच सुचवतो.

आता जाळ्याकडे येऊ. मुंबईत फायबरवाला आपला डबा बसवून जातो. आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून आपण दुसरा राऊटर आणतो. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंकडे नेमकं हेच होतं. ‘अरे, टीव्हीला दिसतं, मला का नाही दिसत?’ त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. टीव्ही आणि डिस्क हॉलमधल्या डब्यावर होते, काकूंचा फोन १९२.१६८.१ नं सुरू होणारा पत्ता दाखवत होता, आणि डिस्क होती त्या डब्याचे पत्ते १९२.१६८.० नं सुरू होत होते. म्हणजे एका घरात दोन जाळी. अशा मांडणीत आतल्या राऊटरमागून बाहेरच्या डब्यावरची डिस्क निदान पत्ता टाइप करून गाठता येते, पण बाहेरच्या जाळ्यातून आतल्या राऊटरवरची डिस्क गाठता येत नाही. दुसरा राऊटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाकला की दोन्हींचं एकच जाळं होतं. लॅपटॉप चुकून ‘गेस्ट’ वायफायवर असेल तरीही असंच होतं. पाहुण्यांना घरातलं काही दिसू नये, याचसाठी ती सोय असते.

जाळं एक असूनही डिस्कचं नाव यादीत दिसत नसेल तर नावापाशी अडलंय. जुनी पद्धत गिरगावातल्या चाळीसारखी होती. चौकात उभं राहून नावानं हाक मारायची, ज्याचं नाव असेल तो गॅलरीतून ओ देणार. ‘नेटबायोस’मध्ये लॅपटॉप असाच पूर्ण जाळ्याला विचारायचा, आणि एक यंत्र सगळ्यांची यादी सांभाळायचं. विंडोजमधलं हे यादीचं काम एसएमबी १ या, यंत्रांनी आपसांत फायली वाटून घ्यायच्या जुन्या भाषेवर अवलंबून होतं. ती भाषा बंद झाली, यादी रिकामी झाली, पण डिस्क जागच्या जागी आहे. म्हणून नावाच्या नादी न लागता थेट पत्ता द्या. विंडोजचं बटण आणि आर दाबून उघडणाऱ्या चौकटीत दोन बॅकस्लॅश आणि पुढे राऊटरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. मॅकवर फाइंडरच्या ‘गो’ मेनूतलं ‘कनेक्ट टु सर्व्हर’. पत्त्यानं फोल्डर उघडला तर तोच नेटवर्क ड्राइव्ह म्हणून जोडून ठेवा आणि यादी विसरून जा.

पत्त्यानंही उघडलं नाही, तर आपण खऱ्या दुखण्यापाशी आलो.

फायली वाटून घेण्याची एसएमबी ही भाषा १९८३ च्या सुमारास आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी तयार केली. पुढे मायक्रोसॉफ्टनं ती वाढवली. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे विद्यार्थी असलेल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ मध्ये, केबलवरून जाणारी माहितीची पाकिटं निरखून, तीच भाषा बोलणारा मोफत प्रोग्राम लिहायला घेतला. त्याचंच पुढे ‘साम्बा’ झालं, आणि आज अनेक राऊटरांत तेच बसलेलं असतं. दोन यंत्रं पहिल्यांदा भेटतात तेव्हा लॅपटॉप आपल्याला येणाऱ्या आवृत्त्यांची यादी पाठवतो आणि राऊटर त्यातली एक निवडतो. एकही सामाईक नसेल तर बोलणं तिथेच संपतं. एसएमबी २ विंडोज व्हिस्टाबरोबर आलं, एसएमबी ३ विंडोज ८ बरोबर २०१२ मध्ये. साम्बाला एसएमबी २ पूर्णपणे येऊ लागलं ते २०११ मध्ये, ३.६ या आवृत्तीत. पण राऊटर बनवणाऱ्या अनेकांनी साम्बाची ३.० मालिकाच धरून ठेवली. नवी आवृत्ती आकारानं मोठी आणि राऊटरमधली प्रोग्राम साठवायची जागा, म्हणजे फ्लॅश मेमरी, इवलीशी. शिवाय २००८ च्या ३.२ पासून साम्बाचा परवाना बदलला, तो अनेक कंपन्यांना नको होता. परिणाम असा की दुकानातून नवाकोरा आणलेला राऊटरही कधी कधी फक्त एसएमबी १ बोलतो.

आणि एसएमबी १ बंद करण्यामागे फार गंभीर कारण आहे. मायक्रोसॉफ्टच्या एसएमबी १ मध्ये एक भगदाड सापडलं होतं. १४ मार्च २०१७ ला त्यावरची दुरुस्ती आली, पण असंख्य यंत्रांवर ती बसवलीच गेली नाही. १२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर व्हायरस त्याच भगदाडातून जगभर पसरला. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. जूनच्या अखेरीस ‘नॉटपेट्या’ आला. त्याच्या पसरण्याच्या वाटांपैकी एक हीच होती. तेव्हा मुंबईच्या खाडीपलीकडे न्हावा शेवाला, जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं कामकाज विस्कळीत झालं. कुणी कुठली फाइल न उघडता, कुठल्या लिंकवर क्लिक न करता हा प्रकार एका यंत्रातून दुसऱ्यात उडी मारतो, ही त्यातली सगळ्यात भयंकर बाब. ऑक्टोबर २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून मायक्रोसॉफ्टनं एसएमबी १ काढायला घेतलं. घरगुती आवृत्तीत तर लॅपटॉप चालू असताना १५ दिवस त्याचा वापर झाला नाही, तर विंडोज ते आपण होऊन काढून टाकतं. ‘मी काहीच बदललं नाही, तरी बंद कसं पडलं?’ याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं. टीव्ही मात्र त्या गावचाच नसतो. तो बहुतेक वेळा राऊटरवरच्या डीएलएनए या वेगळ्या सेवेकडून गाणी घेतो, म्हणून त्याला काही फरक पडत नाही.

अशा वेळी शेजारचा जाणकार मुलगा ‘विंडोज फीचर्समध्ये जाऊन एसएमबी १ चालू करा’ असं सांगतो. डिस्क लगेच दिसतेही. तरी माझं स्पष्ट मत आहे की हे करू नये. ज्या लॅपटॉपवर आपण बँकेचे व्यवहार करतो, त्याची बाजू राऊटरच्या आळसापायी कमकुवत करायची गरज नाही. इथे लॅपटॉप बरोबर आहे, बदलायचा तो राऊटर. त्याच्या सेटिंगच्या पानावर जाऊन नवं फर्मवेअर, म्हणजे राऊटर चालवणारा आतला प्रोग्राम, आहे का पाहा. काही राऊटरांत एसएमबी २ किंवा ३ निवडायचं बटण असतं, ते शोधा. ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत फर्मवेअर तुमच्या मॉडेलवर चालत असेल तर त्यात आधुनिक साम्बा मिळतं. यातलं काहीच जमलं नाही, तर डिस्क रास्पबेरी पायसारख्या हातभर जागाही न लागणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला लावा आणि राऊटरला फक्त राऊटरचं काम करू द्या.

राऊटर एसएमबी २ बोलतो, तरीही विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीची प्रो यंत्रं कधी कधी अडतात. तेव्हा पडद्यावर येतं की तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणानुसार अनोळखी पाहुण्यांचा प्रवेश बंद आहे. घरच्या लॅपटॉपला कसली आली संस्था, असं वाटून माणूस गोंधळतो. घडतं ते असं: या आवृत्तीत प्रत्येक पाकिटावर सही असावी असा आग्रह आहे, म्हणजे वाटेत कुणी पाकीट बदललं तर लगेच कळतं. सहीसाठी लागणारी किल्ली दोन्ही बाजू पासवर्डावरून तयार करतात. राऊटरवर ‘पासवर्डशिवाय सगळ्यांना प्रवेश’ ठेवला असेल तर पासवर्ड नाही, म्हणून किल्ली नाही, म्हणून सही नाही. राऊटरच्या पानावर एक युजर आणि चांगला पासवर्ड तयार केला की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. त्यानंतरही आत घेत नसेल तर कंट्रोल पॅनेलमधलं ‘क्रेडेन्शिअल मॅनेजर’ उघडा. विंडोज तिथे साठवलेला जुना पासवर्ड गुपचूप पाठवत राहतं. राऊटरच्या पत्त्याची नोंद पुसा आणि लॅपटॉप पुन्हा चालू करा.

डिस्क लावल्यापासून वायफायच मंदावलं, ही तक्रारही खरी असू शकते. यूएसबी ३.० च्या तारेतून जाणारा ५ गिगाबिटचा सिग्नल २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गोंगाट करतो. इंटेलनं २०१२ मध्ये मोजमापांसह हे दाखवून दिलं आहे. डिस्क राऊटरच्या अँटेनांपासून लांब ठेवा, तार चांगल्या आवरणाची घ्या, लॅपटॉप ५ गिगाहर्ट्‌झवर जोडा, किंवा राऊटरमध्ये सोय असेल तर तो पोर्ट यूएसबी २.० वर चालवा. गाणी आणि फोटोंना तेवढा वेग पुरतो.

काही राऊटर ‘बाहेरूनही डिस्क उघडा’ असा पर्याय देतात. तो बंदच ठेवा, आणि एसएमबीचा ४४५ क्रमांकाचा पोर्ट (हा तारेचा नव्हे, सेटिंगमधला दरवाजा) इंटरनेटसाठी कधीही उघडू नका. ऑफिसातून घरचा फोटो हवाच असेल तर राऊटरमध्ये व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या जाळ्यात यायची सुरक्षित वाट, आहे का ते पाहा, त्यातून आत या आणि घरात बसल्यासारखी डिस्क उघडा.