निळा उजेड दिसतोय, म्हणजे ट्यूब चांगली आहे का?

(यूव्हीचा, म्हणजे अतिनील किरणांचा, वॉटर प्युरिफायर वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

सर्व्हिसला गेलो की बहुतेक घरांत ठरलेलं बोलणं होतं. आम्ही म्हणतो, ट्यूब बदलायला झाली. त्यावर काकू म्हणतात, "अहो, चांगली पेटतेय की! निळा उजेड दिसतोय ना!" मग आम्ही समजावून सांगायला लागलो की हा माणूस पार्ट खपवायला आलाय असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसायला लागतं. शंका घेण्यात चूक काहीच नाही, या धंद्यात तसं करणारेही आहेत. म्हणून दारात उभं राहून दोन मिनिटांत सांगता येत नाही ते इथे लिहून देत आहोत. वाचा, आणि ट्यूब बदलायची की नाही ते तुम्हीच ठरवा.

जंतू मरत नाही, जायबंदी होतो

पाणी उकळलं की जंतू अक्षरशः शिजतो. क्लोरीन त्याचं कवच आणि आतला मालमसाला जाळतं. यूव्ही यातलं काहीच करत नाही. पाणी ट्यूबजवळून काही सेकंदांत निघून जातं. ते तापत नाही, त्याची चव बदलत नाही, त्यात काही मिसळत नाही. जंतूही बाहेरून आहे तसाच दिसतो. मोडतं ते त्याच्या आतलं, म्हणजे त्याचा डीएनए.

डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली लांबलचक पोथी. ए, टी, जी आणि सी ही ती अक्षरं. पोटात राहणाऱ्या ई. कोलाय या साध्या जीवाणूची पोथीसुद्धा सुमारे 46 लाख अक्षरांची असते. एका जंतूचे दोन व्हायचे तर आधी ही सगळी पोथी उतरवून काढावी लागते. सगळं अनुकूल असेल तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात, आणि आजार होतो तो या वेगामुळेच. पोटात थोडेसे जंतू जातात आणि दोन दिवसांत त्यांचे कोट्यवधी होतात.

तुमच्या मशीनमधल्या ट्यूबमधून मुख्यतः 254 नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण निघतात. डीएनए 260 नॅनोमीटरच्या आसपासचे किरण सर्वांत जास्त शोषून घेतो, म्हणजे नेम जवळजवळ बरोबर बसतो. पोथीत दोन 'टी' अक्षरं, म्हणजे थायमिन, शेजारी-शेजारी असतील आणि त्यांच्यावर हा किरण पडला, तर ती एकमेकांना चिकटतात. ओवलेल्या माळेत दोन मणी वितळून एक व्हावेत, तसं. या जोडगोळीला थायमिन डायमर म्हणतात. 1960 मध्ये नेदरलँड्समधल्या ब्यूकर्स आणि बेरेंड्स या शास्त्रज्ञांनी गोठवलेल्या थायमिनच्या द्रावणावर यूव्ही टाकून ती शोधून काढली. पोथी उतरवणारी यंत्रणा चिकटलेल्या जागी आली की अडखळते. अशा पुरेशा जागा झाल्या की नक्कल पूर्ण होत नाही. एकाचे दोन होत नाहीत आणि तो जंतू तुमच्या पोटात जाऊनही काही करू शकत नाही.

पण जंतूकडे स्वतःचा रफूवाला असतो

अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट केल्नर हे स्ट्रेप्टोमायसिस या मातीतल्या जीवाणूच्या बीजाणूंवर यूव्ही टाकून किती जगतात ते मोजत होते. आकडे काही केल्या जुळेनात. किरणांचा मारा तेवढाच असूनही एकदा मूठभर वाचायचे, एकदा हजारो पटींनी जास्त. त्यांना आधी तापमानाचा संशय आला. शेवटी कारण सापडलं ते खिडकीत. ज्या बशांवर दिवसाचा उजेड पडत होता, त्यांतले मेल्यात जमा झालेले जंतू पुन्हा उठून बसत होते. हे 1949 मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी रेनातो दुल्बेको यांना जीवाणूंवर जगणाऱ्या विषाणूंत हाच प्रकार आढळला.

या उठून बसण्यामागे फोटोलायेज नावाचं एक प्रथिन आहे. ते चिकटलेल्या जोडीवर जाऊन बसतं, निळ्या-जांभळ्या उजेडाची ऊर्जा घेतं आणि गाठ जिथल्या तिथे सोडवतं. अक्षर बदलत नाही, तुकडा कापला जात नाही. एका किरणाने केलेलं नुकसान दुसऱ्या किरणाने भरून काढायचं, अशी ही करामत आहे. जंतूच्या बाजूने विचार केला तर अगदी शहाणपणाची, कारण उन्हात नुकसानही होणार आणि दुरुस्तीचा उजेडही तिथेच मिळणार.

उजेड नसला तरी जंतू हात बांधून बसत नाही. 1964 मध्ये लक्षात आलं की अंधारातही दुरुस्ती होते, फक्त पद्धत वेगळी. ती रफूची नाही, ठिगळाची. ई. कोलायमध्ये तीन प्रथिनं मिळून खराब जागा हुडकतात, तिच्या दोन्ही बाजूंना छेद देतात आणि 12-13 अक्षरांचा तुकडा काढून टाकतात. समोरची साखळी शाबूत असते, तिच्यावरून बघून रिकामी जागा पुन्हा लिहिली जाते आणि टोकं सांधली जातात. हे सगळं बारकाईने उलगडणारे अझीझ संजार हे मूळचे तुर्कस्तानचे. 2015 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना टोमास लिंडाल आणि पॉल मॉड्रिच यांच्याबरोबर मिळालं, तिघांनाही डीएनएच्या दुरुस्तीवरच्या कामासाठी.

मग अर्धवट मारा करून काय उपयोग?

ट्यूबचा मुद्दा इथे येतो. चार-दोन गाठी जंतू सोडवून घेतो. गाठी इतक्या हव्यात की रफूवाला आणि ठिगळवाला दोघेही थकले पाहिजेत. म्हणून पिण्याच्या पाण्यासाठी अनेक देशांत दर चौरस सेंटिमीटरला 40 मिलिज्यूल (हे ऊर्जेचं माप) एवढी मात्रा धरतात. कॉलरा किंवा ई. कोलायचे दहा हजारांतले नऊ हजार नऊशे नव्याण्णव निकामी करायला 10 मिलिज्यूलच्या आतच भागतं. वरची जी जास्तीची मात्रा आहे ती उधळपट्टी नाही. चिवट जंतू आणि दुरुस्ती या दोघांसाठी ठेवलेली ती शिल्लक आहे.

सगळ्यांत हट्टी ॲडेनोव्हायरस. त्याच्याकडे स्वतःचं दुरुस्तीचं सामान नसतं, पण त्याचा डीएनए दुपदरी असल्यामुळे तो आपल्या पेशीत शिरल्यावर आपल्याच पेशीच्या कारागिरांकडून दुरुस्ती करून घेतो. त्याच्यामुळेच अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने विषाणूंच्या पूर्ण खात्रीसाठी तब्बल 186 मिलिज्यूल असा आकडा ठरवला. घरगुती मशीनकडून एवढी अपेक्षा करू नका. आम्हीही तसं सांगून मशीन विकत नाही.

मात्रा म्हणजे किरणांचा जोर गुणिले पाणी ट्यूबसमोर राहण्याचा वेळ. म्हणजे धार दुप्पट केली की मात्रा निम्मी होते. "मशीन फार हळू भरतं, जरा धार वाढवून द्या," असं म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो ते यासाठी. आतला फ्लो रिस्ट्रिक्टर, म्हणजे धार आवरून धरणारा भाग, काढणं हे दोन मिनिटांचं काम आहे, पण आम्ही ते करणार नाही.

आता निळ्या उजेडाचं. 254 नॅनोमीटरचा किरण माणसाला दिसतच नाही. तुम्हाला दिसतो तो ट्यूबमधल्या पाऱ्याच्या वाफेचा दुसरा उजेड, आणि जंतू निकामी करण्यात त्याचा वाटा जवळजवळ शून्य. ट्यूब जुनी होते तशी तिची काच आतून काळवंडते आणि यूव्ही बाहेर पडायचं कमी होतं. निळा उजेड मात्र पुढेही कितीतरी दिवस दिसत राहतो. अशा ट्यूबचं काम साधारण 8 ते 9 हजार तास धरतात. सतत चालू ठेवली तर हे जवळपास वर्षभराचे तास झाले. तुमच्या मशीनमध्ये ती पाणी भरतानाच पेटत असेल तर तास कमी भरतात हे खरं, पण दर वेळच्या चालू-बंदनेही ट्यूब झिजते. म्हणून आम्ही सरसकट वर्ष झालं की बदला असं न म्हणता आधी वापर विचारतो.

ट्यूब नवी असूनही मात्रा कमी पडू शकते. ट्यूबभोवतीची काचेची नळी क्वार्ट्झची असते, कारण साध्या काचेतून हा किरण पार होत नाही. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर त्या नळीवर क्षारांचा पांढरा थर बसतो, आणि ट्यूब आतल्या आत पेटत राहते. थर लिंबूसताच्या पाण्याने निघतो. खरवडू नका. पावसाळ्यात धरणातून गढूळ पाणी येतं तेव्हा मातीच्या कणाआड बसलेल्या जंतूवर किरण पोहोचतच नाही. सूर्य कितीही कडक असला तरी झाडाखाली सावली असतेच. जुलै-ऑगस्टमध्ये पुढचा सेडिमेंट फिल्टर, म्हणजे गाळ अडवणारी जाळी, लवकर बदलायला सांगतो ते याचसाठी.

नळीवर थर बसण्याच्या दुखण्यावर एक देखणा उपाय आपल्या मुंबईच्या माणसाने काढला. 1992-93 मध्ये भारतात कॉलऱ्याची नवी जात पसरली. त्यानंतर अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतले अशोक गाडगीळ यांनी गावासाठी यूव्हीचं यंत्र तयार केलं. त्यात ट्यूब पाण्यात बुडवलेलीच नाही, वाहत्या पाण्याच्या वर हवेत टांगलेली आहे. नळीच नाही, तर थर बसणार कशावर? मिनिटाला सुमारे 15 लिटर पाणी आणि वीज एखाद्या जुन्या पिवळ्या बल्बइतकी. घरच्या मशीनला ही रचना जमत नाही, पण सर्व्हिस करताना आम्हाला दर वेळी तिचा हेवा वाटतो.

भरून ठेवलेलं पाणी

क्लोरीन पाण्यात मागे राहून राखण करतं. यूव्ही मागे काहीच ठेवत नाही. पाणी मशीनमधून बाहेर आलं की राखणदार गेला. त्यात मात्रा कमी पडलेली असेल आणि पाणी पारदर्शक बाटलीत भरून ओट्यावर उजेडात ठेवलं असेल, तर केल्नर यांच्या खिडकीतला प्रकार तुमच्या स्वयंपाकघरात होऊ शकतो. काही तासांत थोडे जंतू पुन्हा कामाला लागतात. मात्रा पूर्ण मिळालेली असेल तर ही भीती फारशी नाही. तरीही झाकणाचं स्टीलचं भांडं किंवा माठ बरा. तो रोज रिकामा करून धुवा, आणि पाणी ओगराळ्याने घ्या, हात बुडवू नका. गावाहून परत आलात की पहिलं भांडंभर पाणी झाडांना घाला, कारण बंद पडलेल्या कार्बन फिल्टरमध्ये जंतू आरामात वाढतात.

"यूव्हीने टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, किती कमी होतो?" असं फोनवर नेहमी विचारतात. अजिबात होत नाही. खारं पाणी खारंच राहतं. त्याला आरओ, म्हणजे क्षार गाळून काढणारा फिल्टर, लागतो आणि तो प्रत्येक घराला लागतोच असं नाही. किरण पाण्यात उरतात का, हाही प्रश्न येतो. उरत नाहीत. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरतो का?

झाकण स्वतः उघडणाऱ्यांसाठी

आपल्या पेशींतही हीच झीज आणि हीच दुरुस्ती चालू असते. उन्हातल्या यूव्हीने कातडीतल्या थायमिनच्या जोड्या अशाच चिकटतात. फरक एवढाच की फोटोलायेज आपल्याकडे नाही. कांगारूकडे आहे, माशांकडे आहे, आपल्याकडे नाही. आपल्याला सगळं ठिगळावरच भागवावं लागतं, आणि आपलं ठिगळही मोठं, तिशीच्या आसपास अक्षरांचं. झेरोडर्मा पिगमेंटोसम या दुर्मीळ आनुवंशिक आजारात ही ठिगळं लावायची सोयच बिघडलेली असते. अशा मुलांना साध्या उन्हानेही लहान वयात कातडीचा कर्करोग होऊ शकतो. 1968 मध्ये जेम्स क्लीव्हर यांनी या आजाराचं मूळ डीएनएच्या दुरुस्तीत आहे हे दाखवलं, आणि ही दुरुस्ती आपल्याला किती वाचवते ते कळलं.

सूर्याचे 254 नॅनोमीटरचे किरण वरच्या वरच अडतात, जमिनीपर्यंत येत नाहीत. तुमच्या स्वयंपाकघरात ते असतात फक्त या मशीनच्या पोटात. चेंबर बंद असेपर्यंत काही भीती नाही. पण पेटलेली ट्यूब बाहेर काढून बघू नका. वेल्डिंगकडे बघितल्यावर डोळ्यांना जे होतं तेच होईल. त्या वेळी काही जाणवत नाही आणि रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. आमच्या एका पोराने शिकाऊ असताना ते अनुभवलंय. आधी प्लग काढा, मग झाकण.

ट्यूब बसवल्याची तारीख आम्ही झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहितो. फोन करताना ती तारीख सांगितलीत तर फेरी वाचते, तुमचीही आणि आमचीही. जुनी ट्यूब ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात टाकू नका, तिच्यात पारा असतो. कागदात गुंडाळून ठेवा, पुढच्या वेळी आलो की घेऊन जाऊ. फुटलीच तर खिडक्या उघडा, झाडू किंवा व्हॅक्यूम न फिरवता तुकडे जाड पुठ्ठ्याने गोळा करून बरणीत बंद करा आणि आम्हाला कळवा.