रिकिदोझान

रिकिदोझान : (१४ नोव्हेंबर १९२४ ? – १५ डिसेंबर १९६३). सुमोपटू आणि जपानमधील व्यावसायिक कुस्तीचा प्रवर्तक मल्ल. त्याला या खेळाचा ‘जनक’ म्हणण्याचा प्रघात आहे, पण तो थोडा सैलपणेच घ्यावा लागतो. सोराकिची मात्सुदा हा जपानी मल्ल १८८० च्या दशकातच अमेरिकेत व्यावसायिक कुस्त्या खेळत होता, आणि खुद्द जपानमध्येही रिकिदोझानच्या आधी असे प्रयोग झाले होते. मात्र हा खेळ संघटित करून सबंध देशाच्या नजरेत आणण्याचे श्रेय निर्विवादपणे त्याचे आहे.

जन्म व मूळ यांविषयी अभ्यासकांत दीर्घकाळ वाद होता. त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या चरित्रांत तो नागासाकी प्रांतातील ओमुरा येथील मोमोता कुटुंबाचा मुलगा आणि त्याचे नाव मित्सुहिरो मोमोता असे सांगितले जाई. प्रत्यक्षात तो त्या वेळी जपानच्या ताब्यात असलेल्या कोरियाच्या दक्षिण हामग्यॉन्ग प्रांतात जन्मला व त्याचे मूळ नाव किम सिन-राक होते, हे आता सर्वमान्य आहे. ‘सिरुम’ या कोरियन कुस्तीच्या स्पर्धेत तो नजरेस पडला आणि ओमुराच्या मिनोसुके मोमोता या सुमोप्रेमी गृहस्थामार्फत त्याला जपानला आणण्यात आले, असे बहुतेक चरित्रकार मानतात. सुमोच्या मानांकन-पत्रकांची साक्ष या बाबतीत सर्वांत भरवशाची ठरते. सुरुवातीच्या पत्रकांत त्याच्या नावापुढे कोरिया असे छापलेले आढळते, नंतरच्या पत्रकांत त्या जागी नागासाकीकडील प्रदेशाचे नाव येते. जपानी कुटुंबनोंदवहीतील त्याची नोंद १९५० च्या सुमाराची, म्हणजे सुमो सोडल्यानंतरची आहे. जन्मतारीखही याच नोंदीतून आलेली असल्याने १९२४ हे साल अंदाजीच समजावे. काही लेखक ते १९२२ किंवा १९२३ असे देतात. प्रस्तुत नोंदीत रूढ तारीख स्वीकारली आहे.

निशोनोसेकी या सुमो तालमीत दाखल होऊन मे १९४० मध्ये त्याने पहिली कुस्ती केली. महायुद्धानंतर, १९४६ अखेर, तो सर्वोच्च विभागात पोहोचला. जून १९४७ च्या स्पर्धेत त्याच्यासह चार मल्लांचे प्रत्येकी ९ विजय व १ पराभव असे समान गुण झाले. बरोबरी झाल्यास निर्णायक लढती घेण्याची पद्धत याच स्पर्धेपासून सुरू झाली होती. त्या लढतींत योकोझुना (सुमोतील सर्वोच्च दर्जाचा मल्ल) हागुरोयामा विजेता ठरला. १९४९ मध्ये रिकिदोझानला सेकिवाके हा वरून तिसरा दर्जा मिळाला. त्यापुढे मात्र तो गेला नाही. सप्टेंबर १९५० मध्ये त्याने स्वतःच्या हाताने शेंडी कापून सुमोला रामराम ठोकला. याची कारणे निरनिराळी सांगितली जातात : तालमीच्या प्रमुखाशी पैशांवरून झालेले भांडण, खेकडे खाल्ल्याने जडलेला फुप्फुसातील कृमींचा आजार, आणि कोरियन असल्यामुळे बढती नाकारली गेल्याची भावना. पहिल्या दोन कारणांना समकालीन आधार अधिक आहे. तिसरे बव्हंशी नंतरच्या लेखनातून पुढे आले, तरी ते डावलता येत नाही.

सुमो सोडल्यावर तो एका बांधकाम व्यावसायिकाच्या पदरी नोकरीस होता. १९५१ मध्ये अमेरिकी मल्ल बॉबी ब्रन्स दोस्त राष्ट्रांच्या लष्करासाठी व धर्मादाय निधीसाठी कुस्त्यांचा संच घेऊन टोकियोत आला. त्याच्याकडून जुजबी शिक्षण घेऊन रिकिदोझानने २८ ऑक्टोबर १९५१ रोजी त्याच्याशीच दहा मिनिटांची कुस्ती केली व ती बरोबरीत सुटली. फेब्रुवारी १९५२ मध्ये तो होनोलुलूला गेला. तेथे ओकी शिकिना या मल्लाने त्याच्याकडून कसून मेहनत करून घेतली. सुमोसाठी कमावलेले जड शरीर दमसासाच्या लांब कुस्तीसाठी घडवले गेले ते येथे. पुढे सॅन फ्रान्सिस्को परिसरात खेळून १९५३ मध्ये तो परतला. या दौऱ्यात त्याने अडीचशे ते तीनशे कुस्त्या केल्या व केवळ पाच हरल्या, असे जपानी ग्रंथांत वारंवार येते. हे आकडे मूळ प्रसिद्धी-साहित्यातले असल्याने ते जपूनच वापरावेत.

त्याचा हुकमी डाव म्हणजे तळहाताच्या कडेने छातीवर व मानेवर केलेला ‘कराटे चॉप’. याच्या उगमाविषयी तीन मते आहेत. एका मतानुसार तो सुमोतील उघड्या हाताच्या थपडेचेच रूपांतर आहे. दुसऱ्या मतानुसार जपानमधील कोरियन वंशाच्या एका कराटे-शिक्षकाकडून तो त्याने घेतला. तिसरे मत असे की, अमेरिकी प्रेक्षकांना जपानी मल्लाकडून काहीतरी ‘पौर्वात्य’ हवे असल्याने हा डाव तेथील आयोजकांच्या सूचनेने बसवला गेला. त्याच्या उपलब्ध चित्रफितींत हाताचा फटका खांद्यातून व पुढे झुकलेल्या धडातून येतो, कराटेसारखा कमरेच्या वळणातून नव्हे. त्यामुळे पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते. नाव मात्र अमेरिकी बाजारपेठेने दिले असावे.

जुलै १९५३ मध्ये त्याने जपान प्रो रेसलिंग ही संस्था स्थापन केली. १९ फेब्रुवारी १९५४ रोजी टोकियोच्या कुरामाए कोकुगिकान येथे त्याने व जूदोपटू मासाहिको किमुरा याने मिळून बेन व माइक शार्प या धिप्पाड कॅनेडियन बंधूंशी जोडीची कुस्ती केली. ती बरोबरीत सुटली. जपानमध्ये दूरचित्रवाणी सुरू होऊन जेमतेम एक वर्ष झाले होते आणि संच फार थोड्या घरांत होते. निप्पॉन टेलिव्हिजनने चौकाचौकांत, रेल्वे स्थानकांसमोर सार्वजनिक संच बसवले होते. शिम्बाशी स्थानकाबाहेरील गर्दीची छायाचित्रे आजही युद्धोत्तर जपानच्या इतिहासग्रंथांत छापली जातात. परक्या सत्तेचा ताबा संपून दोन वर्षेही झाली नसताना गोऱ्या मल्लांना जपानी हातांचे फटके बसताना लोक पाहत होते. त्या जमावाचा नायक स्वतः वसाहतीतून आलेला होता, हे त्या जमावाला माहीत नव्हते. रिकिदोझानच्या कारकीर्दीचे आकलन या विसंगतीला बगल देऊन होऊ शकत नाही.

त्याच वर्षी २२ डिसेंबरला किमुराशी त्याचा सामना झाला. पंधरा मिनिटांच्या पुढे किमुरा रक्तबंबाळ होऊन कोसळला व रिकिदोझान पहिला जपान हेवीवेट विजेता ठरला. ही कुस्ती नुरा, म्हणजे निकाल आधीच ठरवलेली होती, प्रथम बरोबरी व्हायची होती आणि रिकिदोझानने शब्द मोडला, असे किमुराचे म्हणणे होते. किमुराने नियमबाह्य लाथ मारल्याने आपण चिडलो, असे रिकिदोझान सांगे. सामन्यानंतर रिकिदोझानच्या बाजूने किमुराची बरोबरीविषयीची लेखी चिठ्ठी वृत्तपत्रांपुढे ठेवण्यात आली. तेव्हा काहीतरी समझोता झाला होता हे उघड आहे. तो कोणी व कितपत मोडला याविषयी मतभेद कायम आहेत.

नोव्हेंबर १९५५ मध्ये आशियाई अजिंक्यपदासाठी त्याने किंग काँग याला हरवले. मूळचा हंगेरीचा हा अवाढव्य मल्ल मराठी वाचकांना दारासिंगशी मुंबईत झालेल्या फ्रीस्टाइल कुस्त्यांमुळे परिचित आहे. याच दौऱ्यात जोडीचे आशियाई अजिंक्यपद किंग काँग व भारतीय मल्ल टायगर जोगिंदर यांनी मिळवले.

लू थेझ या अमेरिकी जागतिक विजेत्याशी ऑक्टोबर १९५७ मध्ये टोकियोत व नंतर ओसाकात त्याच्या लढती झाल्या. दोन्ही बरोबरीत सुटल्या. टोकियोतील लढत पूर्ण साठ मिनिटे चालली. २७ ऑगस्ट १९५८ रोजी लॉस एंजेलिसमध्ये थेझला हरवून त्याने ‘आंतरराष्ट्रीय’ अजिंक्यपद मिळवले, असे जपानी परंपरा मानते. हा त्याच्या कारकीर्दीतील सर्वाधिक वादग्रस्त मुद्दा होय. थेझने जागतिक किताब १९५७ च्या नोव्हेंबरातच टोरोंटोत डिक हटनकडे गमावला होता व तो स्वतंत्रपणे दौरे करीत होता. लॉस एंजेलिसची लढत कोणत्याही किताबासाठी नव्हती आणि अजिंक्यपदाची बातमी जपानी वाचकांसाठी तयार झाली, असे एक मत आहे. थेझच्या परदेश दौऱ्यांत त्याला जे स्थान होते तेच रीतसर हस्तांतरित झाले, असे दुसरे. व्यावसायिक कुस्तीत किताबाला मान्यता आयोजक व प्रेक्षक देतात. त्या कसोटीवर जपानपुरते हे अजिंक्यपद खरे मानणे योग्य ठरेल. लॉस एंजेलिस येथेच मार्च १९६२ मध्ये फ्रेडी ब्लासीला हरवून त्याने डब्ल्यूडब्ल्यूए या अमेरिकी कुस्तीसंस्थेचा जागतिक किताब जिंकला व जुलैत तो गमावला. याबद्दल वाद नाही.

१९५८ पासून शुक्रवारी रात्री आठ वाजता मित्सुबिशीच्या पुरस्काराने त्याच्या कुस्त्या प्रक्षेपित होऊ लागल्या. दोन कुस्त्यांच्या मधल्या वेळात त्याच कंपनीच्या व्हॅक्यूम क्लीनरने रिंगण झाडले जाई. १९५९ मध्ये सुरू झालेली जागतिक लीग स्पर्धा त्याने सलग पाच वर्षे जिंकली. एप्रिल १९६२ मध्ये ब्लासी चावे घेत असलेल्या रक्ताळलेल्या लढतीचे प्रक्षेपण पाहताना काही वृद्ध प्रेक्षक दगावल्याच्या बातम्या आल्या आणि अशा प्रक्षेपणांवर मोठी टीका झाली. २४ मे १९६३ रोजी ‘डिस्ट्रॉयर’ या मुखवटाधारी अमेरिकी मल्लाशी झालेला सामना ६४ टक्के घरांनी पाहिला. जपानी दूरचित्रवाणीच्या इतिहासातील सर्वाधिक प्रेक्षकसंख्येच्या कार्यक्रमांत त्याची गणना होते.

जानेवारी १९६३ मध्ये तो दक्षिण कोरियास जाऊन आला. जपानी वृत्तपत्रांनी याची फारशी दखल घेतली नाही. दोन्ही कोरियांच्या सीमेवरील पानमुन्जॉम येथे सीमेपलीकडे पाहून त्याने कोट काढून आरोळी ठोकली, ही हकीकत त्याच्या निकटवर्तीयांच्या आठवणींवर आधारलेली आहे.

८ डिसेंबर १९६३ च्या रात्री टोकियोच्या आकासाका भागातील न्यू लॅटिन क्वार्टर या नाइट क्लबमध्ये एका गुंडटोळीतील तरुणाशी वाद होऊन त्याच्या पोटात सुरा खुपसला गेला. शस्त्रक्रियेनंतर प्रकृती सुधारत असल्याचे जाहीर झाले होते, परंतु १५ डिसेंबरला दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर तो मरण पावला. मृत्यूचे कारण आतड्यांच्या आवरणाचा दाह असे जाहीर झाले. इस्पितळात त्याने पथ्य मोडून पेये घेतली, ही कथा लोकप्रिय आहे, पण तिला भक्कम पुरावा नाही. भूल देताना श्वासनलिकेत नळी बसवण्यात अपयश आले, हे पुढे वैद्यकीय दृष्टीने मांडले गेलेले स्पष्टीकरण अधिक विचारात घेण्यासारखे आहे. टोकियोतील इकेगामी होन्मोन्-जी या मंदिराच्या आवारात त्याची समाधी आहे.

त्याच्या शिष्यांत जायंट बाबा, अंतोनिओ इनोकी व कोरियाचा किंतारो ओकी हे तिघे प्रमुख. बाबा हा पूर्वीचा बेसबॉलपटू, तर ब्राझीलला स्थलांतरित झालेल्या इनोकीला रिकिदोझानने तेथील दौऱ्यात हेरून परत आणले. दोघांची पहिली कुस्ती एकाच दिवशी, ३० सप्टेंबर १९६० रोजी झाली. १९७२ मध्ये इनोकीने न्यू जपान व बाबाने ऑल जपान या स्वतंत्र संस्था काढल्या आणि पुढील वर्षी मूळ संस्था बंद पडली. एप्रिल १९९५ मध्ये इनोकीने प्याँगयांग येथे घडवून आणलेल्या भव्य कुस्त्यांमागे आपल्या गुरूच्या जन्मभूमीचा धागा असल्याचे तो सांगत असे. आंतरराष्ट्रीय किताब ऑल जपानकडे आला व १९८९ मध्ये त्या संस्थेचा मल्ल जंबो त्सुरुता याने तो इतर दोन किताबांशी जोडला.