हळद्या आणि हळदू: एक उडतो, एक उभा असतो

परवा हरिपूरला कृष्णाकाठी भाचा ओरडला, "मामा, हळदू बघा, चिंचेवर बसलाय!" बसला होता तो हळद्या; हळदू म्हणजे झाड. सांगलीसारख्या हळदीच्या पेठेत असा घोटाळा व्हायचाच, कारण दोघांनाही नाव मिळालंय ते हळदीच्या रंगावरून. हळद स्वतः मात्र आल्याच्या कुळातली, दोघांच्याही नात्यागोत्यात नाही.

हळद्या हा पक्षी. नर पिवळाधमक, पंख काळे, चोच गुलाबी, आणि डोळ्यातून मागे ओढलेली काजळाची रेघ. मादी हिरवट, पानांत सहज दिसत नाही. आवाज ऐन बासरीचा. ब्रिटिश लष्करातल्या, पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या कर्नल साइक्सनं १८३२ मध्ये दख्खनमधल्याच पक्ष्यांवरून त्याला ओरिओलस कुंडू हे शास्त्रीय नाव दिलं. पुढे बरीच वर्षं त्याला युरोपातल्या हळद्याची उपजात धरत. पण आपल्याकडच्याची काजळरेघ डोळ्याच्या मागे जास्त लांब जाते. आता ही जात स्वतंत्र मानतात.

हळदू, काही ठिकाणी हेदू, हे पानझडी जंगलातलं उंच झाड. कुळ कॉफीचं, म्हणजे कदंबाचा भाऊबंद. पानं हृदयाच्या आकाराची, समोरासमोर. पावसाळ्यात पिवळट फुलांचे छोटे गेंद लागतात. ताजं लाकूड कापलं की आतून पिवळं निघतं. हल्डिना कॉर्डिफोलिया या नावातलं 'हल्डिना' लोकांच्या हळदूवरूनच घेतलंय, आणि त्या प्रजातीत (जीनसमध्ये) जात ही एकच.

कोणत्या जीवाला किती धोका आहे हे सांगणाऱ्या जागतिक लाल यादीत हळद्या सर्वांत कमी चिंतेच्या गटात आहे. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं त्याला संरक्षण आहे. हळदूचा कायदा वेगळा. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या अनुसूचीत त्याचं नाव आहे, त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा असला तरी परवानगीशिवाय त्याला कुऱ्हाड लावता येत नाही. हे पुष्कळ शेतकऱ्यांना ठाऊकच नसतं.

मला काळजी हळदूचीच जास्त वाटते. चिंच तोडली तर हळद्या निदान पलीकडच्या वडावर जाईल. हळदूचं बी मात्र धुळीसारखं बारीक असतं. मोठ्या सरीत ते वाहून जातं, उगवलेली इवली रोपंही जातात. म्हणून बी धरणारं जुनं झाड गेलं, की त्या जागी दुसरं सहसा आपसूक उभं राहत नाही.

आषाढात भाच्याला शिराळ्याकडे नेणार आहे. फुलांचा गेंद एकदा तळहातावर घेतला, की पुन्हा तो पक्ष्याला हळदू म्हणायचा नाही.