एका मिनिटात ध्यास दिसतो का?

१८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात इलायशा ओटिस नावाचा एक यंत्रकारागीर लिफ्टच्या उघड्या पाळण्यावर चढून उभा राहिला. पाळणा दोरानं उंच ओढला गेला. खाली गर्दी जमली. मग ओटिसनं सांगितलं आणि पाळणा ज्याला लटकला होता तो दोरच कुऱ्हाडीनं तोडण्यात आला. पाळणा थोडासा घसरला आणि जागच्या जागी अडकला. मालाची ने-आण करणारे पाळणे तेव्हा नवे नव्हते, पण दोर तुटला की सगळं खाली येणार हे ठाऊक असल्यानं माणसं त्यात पाय ठेवायला कचरायची. ओटिसची युक्ती साधी होती. गाडीच्या चाकांवर बसवतात तसली पोलादी कमान त्यानं पाळण्याच्या वर बसवली होती. दोर ताणलेला असेपर्यंत कमान वाकलेली राही. दोर तुटला की ताण जाई, कमान सरळ होई आणि तिची टोकं दोन्ही बाजूंच्या खांबांवरच्या दात्यांमध्ये रुतून बसत.

लिफ्टला अमेरिकेत एलिव्हेटर म्हणतात, आणि लिफ्टमध्ये भेटलेला माणूस आपल्या मजल्यावर उतरेपर्यंत त्याला आपल्या उद्योगाची कल्पना पटवायची, याला 'एलिव्हेटर पिच'. खुद्द लिफ्टची पिच मात्र जवळपास मुक्यानं झाली. ओटिसनं त्या दिवशी आवाज किती चढवला, हातवारे किती केले, याला फारसं महत्त्व नाही. बघणाऱ्यांना एवढंच दिसलं की या माणसानं स्वतःची मान आपल्याच यंत्राखाली ठेवली आहे.

आज नवउद्योजकांना पहिला सल्ला मिळतो तो 'पॅशन दाखवा' हा. या सल्ल्याची मला नेहमीच थोडी गंमत वाटते, कारण मराठीत त्या एका शब्दासाठी निदान दोन शब्द लागतात. एक आवेश आणि दुसरा ध्यास. आवेश चेहऱ्यावर, आवाजात, हातांत असतो आणि भाषण संपलं की ओसरतो. ध्यास रात्री अडीच वाजता जागं करतो, पण त्या वेळी बघायला कुणी नसतं. पैसे गुंतवणाऱ्याला खरं तर ध्यास हवा असतो. एका मिनिटात त्याच्या पुढ्यात येतो तो आवेश.

हा फरक संशोधनात फार नेमका उतरलेला आहे. श्याओ-पिंग चेन, शिन याओ आणि सुरेश कोठा यांनी २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. व्यवसायाची योजना मांडणाऱ्या उद्योजकांना त्यांनी दोन वेगळ्या मोजपट्ट्या लावल्या. पहिली पट्टी दिसणाऱ्या भावनेची. त्यात प्रश्न असे, की शरीराच्या हालचालींत ऊर्जा आहे का, बोलताना चेहरा उजळतो का, आवाजात चढउतार आहेत का. दुसरी पट्टी तयारीची. मांडणीत काही दम आहे का, ती सुसंगत आहे का, विधानांना तथ्यांचा आधार दिला आहे का. गुंतवणूकदारांचे निर्णय या दोन्हींशी ताडून पाहिल्यावर पारडं झुकलं ते तयारीकडे. नुसत्या दिसणाऱ्या आवेशाचा निर्णयावर ठोस परिणाम सापडला नाही.

इथंच थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण स्कॉट शेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हौशी, म्हणजे स्वतःच्या खिशातून लहान रकमा घालणाऱ्या गुंतवणूकदारांना मेंदूचं चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवलं आणि पिच दाखवल्या. २०२० साली आलेला त्यांचा निष्कर्ष उलट दिशेचा होता. आवेशपूर्ण पिच पाहताना मेंदूची गुंतणूक ३९ टक्क्यांनी आणि उद्योगातला रस २६ टक्क्यांनी जास्त होता.

मग खरं कोण? माझ्या मते दोन्ही, कारण ऐकणारा आणि त्याची मनःस्थिती वेगळी आहे. मन वळवण्याच्या मानसशास्त्रात रिचर्ड पेटी आणि जॉन कॅसिओपो यांची एक जुनी, टिकून राहिलेली मांडणी आहे. माणसाजवळ वेळ, माहिती आणि गरज असेल तर तो मुद्दे तोलतो. त्यातलं काही कमी असेल तर तो खुणांवर भागवतो, म्हणजे बोलणारा कसा दिसतो, किती ठाम वाटतो, आजूबाजूचे लोक माना डोलवताहेत का. लिफ्टमधलं एक मिनिट हे खुणांचं मिनिट आहे. वेळ कमी, माहिती त्याहून कमी. मुद्दे तोलण्याची पाळी पुढच्या भेटीत येते, आणि पुढची भेट मिळणं हेच तर त्या मिनिटाचं काम.

खुणांमध्येही डोळ्यांचा वाटा आपण मानतो त्यापेक्षा मोठा असतो. चिया-जुंग त्से या स्वतः पियानोवादक असलेल्या संशोधिकेनं २०१३ साली संगीतस्पर्धांच्या अंतिम फेरीतल्या तीन-तीन वादकांच्या छोट्या फिती लोकांना दिल्या आणि विजेता ओळखायला सांगितलं. नुसतं वादन ऐकणाऱ्यांचे अंदाज चिठ्ठ्या टाकून काढलेल्या निकालापेक्षा बरे नव्हते. आवाज बंद करून नुसतं चित्र पाहणारे मात्र निम्म्याच्या आसपास वेळा बरोबर आले. व्यावसायिक संगीतकारांचीही तीच गत. पुढं त्यांनी हाच प्रयोग उद्योजकांच्या पिचवर केला, आणि तिथंही स्पर्धेचा निकाल मूक चित्रांवरून जास्त चांगला ओळखता आला. शब्द न् शब्द घोटून आलेल्या माणसानं हे वाचून खट्टू व्हावं अशीच ही गोष्ट आहे.

मी हे वाचलं त्या संध्याकाळी मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवला, एक मिनिटाचा गजर लावला आणि या लेखाची कल्पना कॅमेऱ्याला समजावून सांगितली. बोलताना वाटत होतं की आपण पेटलो आहोत. मग आवाज बंद करून फीत पाहिली. पडद्यावर एक माणूस दिसला, खांदे वर ओढलेला, डोळे कॅमेऱ्याच्या किंचित डावीकडे, बहुधा पाठ केलेलं वाक्य शोधणारे. उजवा हात पूर्ण मिनिटभर टेबलाची कड धरून होता. फक्त एकदा, चाळिसाव्या सेकंदाच्या आसपास, ओटिसच्या दोराबद्दल बोलताना तो हात सुटला आणि हवेत एक आडवी रेघ ओढून परत जागेवर गेला. तेवढे दोन सेकंद मलाही तो माणूस ऐकण्यासारखा वाटला.

आतून जाणवतं आणि बाहेर दिसत नाही, याला थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली 'पारदर्शकतेचा भ्रम' म्हटलं. आपलं मन काचेचं आहे अशी आपली समजूत असते. याच भ्रमाचं सगळ्यात बोलकं उदाहरण त्याआधी, १९९० साली एलिझाबेथ न्यूटन यांनी स्टॅनफर्डमध्ये दाखवलं होतं. काही जणांनी सगळ्यांना ठाऊक असलेल्या गाण्याचा ठेका बोटांनी टेबलावर वाजवायचा, समोरच्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल, शब्द, वाद्यं सगळं चालू असतं. समोरच्याला ऐकू येते ती नुसती टकटक. घरी करून पाहा. गाणं न ओळखणाऱ्याचा वाजवणाऱ्याला चक्क राग येतो!

उद्योजकाची गत नेमकी हीच होते. दोन वर्षं त्या यंत्राशी, त्या सॉफ्टवेअरशी झटून त्याच्या डोक्यात सबंध गाणं तयार असतं. 'आम्ही पुरवठासाखळीत क्रांती घडवतो आहोत' हे वाक्य उच्चारताना त्याला गहिवरून येतं, कारण त्या वाक्यामागचे सगळे प्रसंग त्याला दिसत असतात. लिफ्टमधल्या माणसाला टकटक ऐकू येते. यावर उपाय आवाज वाढवणं नव्हे. जोरात टकटक केली तरी गाणं ओळखता येत नाही. एक प्रसंग मात्र चाल ऐकवतो. 'शीतपेटीतल्या लसी वाटेत तापतात आणि ते कुणाला कळतही नाही, आमची पट्टी रंग बदलून ते सांगते' असं म्हटलं की काम संपलं. चेन आणि सहकाऱ्यांच्या तयारीच्या मोजपट्टीवर गुण मिळवणारं वाक्य हेच, आणि माझ्या हातानं टेबल सोडलं होतं तेही अशाच वाक्याला. समोर चित्र उभं राहिलं की हात आपोआप हलतो.

हसण्याचंही तसंच. लिन जियांग आणि सहकाऱ्यांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावरच्या १,४६० पिच फिती संगणकाकडून तपासून घेतल्या. चेहऱ्यावरचा आनंद शिगेला पोचलेले क्षण मदत करतात, विशेषतः सुरुवातीला आणि शेवटी. पण ते क्षण फार लांबले तर फायदा उलटू लागतो. पूर्ण वेळ हसरा चेहरा ठेवणारा माणूस काहीतरी विकतोय हे लहान मुलालाही कळतं.

आणि घाबरल्याचं काय करायचं? 'शांत हो' असं स्वतःला बजावणं हा सगळ्यांचा आवडता आणि बहुधा निरुपयोगी उपाय. अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली दाखवलं की भाषणाआधी 'मी उत्सुक आहे' असं स्वतःशी मोठ्यानं म्हणणाऱ्यांची भाषणं 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त पटणारी झाली. छातीतली धडधड दोन्हींत सारखीच असते. तिला थांबवण्यापेक्षा तिचं नाव बदलणं सोपं.

हे सगळं झालं आवेशाचं व्यवस्थापन. ध्यास कुठून येतो? आपली ठरलेली गोष्ट अशी, की आधी मनात ठिणगी पडते, मग माणूस कष्ट करतो. मायकेल गिल्निक, मायकेल फ्रेझे आणि सहकाऱ्यांनी ५४ उद्योजकांना आठ आठवडे दर आठवड्याला गाठलं आणि हा क्रम तपासला. २०१५ साली छापून आलेलं उत्तर उलटं निघालं. या आठवड्यात ज्यानं जास्त कष्ट घेतले, त्याचा पुढच्या आठवड्यातला ध्यास वाढलेला होता. नंतरच्या प्रयोगात आणखी दोन अटी उघड झाल्या. कष्टातून काम पुढं सरकलेलं दिसलं पाहिजे, आणि ते काम माणसानं स्वतः निवडलेलं असलं पाहिजे. लादलेल्या कामात राबून ओढ तशी वाढली नाही.

मला हा या सगळ्यातला सर्वांत मोलाचा निष्कर्ष वाटतो. 'माझ्यात ती आग नाही' म्हणून पिच द्यायला घाबरणाऱ्याला बहुधा आग नव्हे, गेल्या आठवड्यात सुटलेला एखादा प्रश्न हवा असतो. तयारी आणि ध्यास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मोजपट्ट्यांवरून वाटतं खरं, पण दहा ग्राहकांशी बोलून आलेला माणूस अकराव्याबद्दल ज्या ओढीनं बोलतो ती आरशासमोर कमावता येत नाही.

ऐकणाऱ्यांनाही आवेशाला भुलण्याची किंमत मोजावी लागते. अ‍ॅलन हू आणि साँग मा यांनी नवउद्योगांच्या हजाराहून अधिक पिच फितींमधले चेहरे, आवाज आणि शब्द यंत्राकडून वाचून घेतले. उत्साही, उबदार पिच देणाऱ्यांना पैसे मिळण्याची शक्यता जास्त होती. पण पैसे मिळाल्यानंतर काय झालं हे पाहिलं, तर त्याच उत्साही मंडळींचे उद्योग सरासरीनं मागं पडलेले दिसले. म्हणजे आवेशानं दार उघडतं, पण त्या दारातून आत घेण्यात गुंतवणूकदाराची निवड काही वेळा चुकते.

आणि दार सगळ्यांसाठी सारखं उघडतही नाही. ब्रुक्स आणि सहकाऱ्यांच्या २०१४ सालच्याच दुसऱ्या एका प्रयोगात एकच पिच, शब्दही तेच, कधी पुरुषाच्या तर कधी स्त्रीच्या आवाजात ऐकवली गेली. ६८ टक्के श्रोत्यांनी पुरुषी आवाजाच्या उद्योगाला कौल दिला, ३२ टक्क्यांनी स्त्रीच्या. यात आवेश कमी-जास्त असण्याचा प्रश्नच नव्हता.

पिचनंतरच्या प्रश्नोत्तरांत हा भेद आणखी सूक्ष्म होतो. मिळवण्याची ओढ आणि गमावण्याची भीती या प्रेरणेच्या दोन वेगळ्या वाटा आहेत, हे टोरी हिगिन्स यांनी नव्वदच्या दशकात मांडलं होतं. डॅना कान्झे यांनी हिगिन्स आणि इतरांच्या साथीनं न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या नवउद्योग स्पर्धेतले प्रश्न या दोन खणांत लावले. २०१८ साली त्याचे आकडे आले. पुरुषांना विचारलेले ६७ टक्के प्रश्न 'किती मोठं कराल' अशा धाटणीचे होते, स्त्रियांना विचारलेले ६६ टक्के 'बुडणार तर नाही ना' अशा धाटणीचे. विचारणाऱ्यांत स्त्रियाही होत्या आणि त्याही तसंच विचारत होत्या. पहिल्या धाटणीचे प्रश्न मिळालेल्या उद्योगांनी पुढं कितीतरी जास्त भांडवल उभं केलं. भीतीच्या प्रश्नाला भीतीच्याच भाषेत उत्तर देणारे मागं राहिले. ज्यांनी प्रश्न घेतला आणि उत्तरात त्याची दिशा फिरवली, ते बरेच वर गेले.

म्हणजे कुणी विचारलं, 'आहेत ते ग्राहक मोठ्या स्पर्धकापासून कसे राखणार?' तर कुंपण कसं घालू याचं उत्तर देता येतं. किंवा असंही सांगता येतं, 'हा बाजार दर वर्षी रुंदावतो आहे, आणि नव्यानं येणारे ग्राहक आमच्याकडे आधी का येतील ते सांगतो.'