रीमिक्स की संयोजन? ‘स्मॅश ब्रदर्स’मध्ये आपण नेमकं काय ऐकतो

वेगवेगळ्या गेममधली पात्रं आणि त्यांचं संगीत एकत्र आणणाऱ्या निन्टेन्डोच्या २०१८ च्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’ या फायटिंग गेममध्ये आठशेहून जास्त ट्रॅक आहेत आणि त्यातल्या कितीतरी नावांजवळ ‘रीमिक्स’ किंवा ‘न्यू रीमिक्स’ असा शिक्का दिसतो. माझ्या मते तो शिक्का संगीतकारांवर अन्याय करतो. त्यांनी केलंय ते संगीत संयोजन, आणि ते काम फार वेगळं आहे.

रीमिक्सला आधी ध्वनिमुद्रण लागतं. आवाज, ड्रम, बेस यांचे सुटे ट्रॅक घ्यायचे, एखादा वर आणायचा, एखादा काढायचा, तुकडे पुढेमागे करून खाली नवा ठेका घालायचा. मूळ वादकाने वाजवलेलं त्यात ऐकू येत राहतं. संयोजनात त्या ध्वनिमुद्रणाची गरजच नसते. चाल तेवढी घ्यायची. वाद्यं, लय, कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर), मधले तुकडे सगळं नव्याने लिहायचं आणि नव्याने वाजवून घ्यायचं.

जुन्या गेमच्या बाबतीत हा फरक ठळक होतो. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चं कोजी कोंडो यांचं संगीत गेमच्या कॅसेटमध्ये (कार्ट्रिजमध्ये) ध्वनिमुद्रित केलेलं नव्हतंच. तिच्यात होत्या सूचना. त्या वाचून कन्सोलची चिप तिथल्या तिथे सूर काढायची. चिपकडे चॅनेल, म्हणजे आवाज काढायच्या वाटा, पाचच: सुरांसाठी दोन पल्स आणि एक ट्रँगल, खरखरीसाठी एक नॉइज आणि एक छोटे नमुने वाजवणारा. त्यातही मारिओने उडी मारली की उडीचा आवाज एक पल्स चॅनेल घ्यायचा आणि तेवढ्यापुरते त्या चॅनेलवरचे सूर गळायचे! हे चॅनेल सुटे करून मिसळता येतील, पण त्यातून ऑर्केस्ट्रा निघणार नाही. तो कुणीतरी बसून लिहावाच लागतो.

फायटिंग गेमसाठी लिहिणं तर आणखी अवघड. भटकंतीसाठी बांधलेली चाल मारामारीखाली टिकली पाहिजे. ठोसे, किंकाळ्या, स्फोट यांच्या गदारोळातून ती ओळखू आली पाहिजे, आणि तीही लवकर, कारण सामना दोन मिनिटांत संपू शकतो. लांबला, तर ट्रॅकचं शेवटचं टोक सुरुवातीला सांधा न कळता जुळलं पाहिजे. मूळ चालीखाली दोनच स्वर असतील, तर पूर्ण कॉर्ड कोणता हे संयोजकाने ठरवायचं. तिथे त्याची समज दिसते.

म्हणूनच याच मालिकेतल्या २००८ च्या ‘ब्रॉल’साठी दिग्दर्शक मासाहिरो साकुराई यांनी तीसहून अधिक संगीतकार गोळा केले, हे मला फार मोलाचं वाटतं. युझो कोशिरो त्यात होते, योको शिमोमुराही होत्या. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर टू’चं बहुतेक संगीत शिमोमुरांचंच, त्या गेममध्ये खेळाडूची ताकद संपत आली की चालीची लय वाढते. लढाईला काय लागतं हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

काही ट्रॅक मात्र जसेच्या तसे येतात. ते रीमिक्सही नाहीत आणि संयोजनही नाहीत. ‘फायनल फँटसी सेव्हन’ या गेममधला नायक क्लाउड ‘स्मॅश’मध्ये पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्याबरोबर मूळ गेममधलेच दोन ट्रॅक आले. मुळातच लढाईचं संगीत असल्याने ते तिथे शोभतातही.