एटीएम: पत्ता वीस बाइटचा, सेलवर मात्र दोन आकडे

फोनच्या तारेवरून इंटरनेट देणारा एडीएसएल मोडेम लावताना बीएसएनएलसाठी व्हीपीआय (वाटेचा आकडा) ० आणि व्हीसीआय (त्या वाटेतल्या सर्किटचा आकडा) ३५ भरावे लागत. मुंबईत एमटीएनएलसाठी ०/३२. आकडा चुकला तरी डीएसएलचा दिवा स्थिर राहतो, पण लॉगिन होत नाही. तार ठीक असते. पलीकडच्या डीएसलॅमवर (ग्राहकांच्या लाइनी जोडणाऱ्या केंद्रातल्या यंत्रावर) त्या आकड्याचं सर्किटच नसतं, म्हणून सेल, म्हणजे डेटाचे ठरावीक आकाराचे छोटे तुकडे, तिथेच टाकून दिले जातात.

हे आकडे एटीएमचे, म्हणजे डेटा सेलमध्ये तोडून पाठवणाऱ्या असिंक्रोनस ट्रान्सफर मोडचे. सीसीआयटीटी या आंतरराष्ट्रीय दूरसंचार मानक संस्थेने १९८८ मध्ये ब्रॉडबँड आयएसडीएनसाठी (आवाज, डेटा, चित्र एकत्र नेणाऱ्या जाळ्यासाठी) हे तंत्र निवडलं, तेव्हा मुख्य काळजी आवाजाची होती. ६४ केबीपीएसच्या कॉलमध्ये सेल भरेपर्यंत जो वेळ जातो, त्याने प्रतिध्वनी वाढतो. युरोपला सेलमध्ये ३२ बाइट हवे होते: सेल ४ मिलिसेकंदांत भरतो आणि छोट्या देशात प्रतिध्वनी मारणारी यंत्रं लागत नाहीत. अमेरिकेत अंतरं मोठी, तिथे ती यंत्रं होतीच. त्यांना हेडरचा, म्हणजे प्रत्येक सेलवरच्या माहितीच्या पट्टीचा, खर्च कमी करायचा होता, म्हणून ६४. १९८९ मध्ये ४८ वर तडजोड झाली. वर ५ बाइटचं हेडर, एकूण ५३.

त्या पाच बाइटांत उपकरणाचा २० बाइटचा एटीएम पत्ता बसणं शक्यच नव्हतं. म्हणून पत्ता फक्त कॉल जोडताना लागतो. व्हीसीआय ५ वरून सेटअप संदेश जातो आणि वाटेतला प्रत्येक स्विच टेबलात नोंद करतो: पोर्ट १ वर ०/४० आलं, तर २/७७ करून पोर्ट ३ वर सोडायचं. आकडा त्या एका लिंकपुरताच खरा. व्हीसीआय ० ते ३१ राखीव असल्याने ग्राहकाचे आकडे ३२ पासून सुरू होतात.

पत्त्यातले पहिले १३ बाइट स्विच देतो, पुढचे ६ उपकरणाचे, शेवटचा एक सिलेक्टर (उपकरणातला नेमका भाग सांगणारा). ही देवाणघेवाण आयएलएमआय (उपकरण आणि स्विच यांच्यातलं नोंदणीचं प्रोटोकॉल) करतं, व्हीसीआय १६ वर. एका टोकाला ते बंद असेल तर नोंदणी अडते आणि त्या पत्त्यावर कॉल येत नाहीत. हाताने जोडलेली पीव्हीसी (कायमचं सर्किट) मात्र चालू राहते.

मार्ग शोधण्याचं काम बराच काळ कच्चं होतं. आयआयएसपी या सुरुवातीच्या पद्धतीत मार्ग हाताने भरावे लागत आणि चुकीच्या नोंदीने कॉल स्विचांमध्येच घुमत राही. मार्च १९९६ च्या पीएनएनआय या मार्ग शोधणाऱ्या प्रोटोकॉलने हे सोडवलं: पहिलाच स्विच आपल्या गटातला मार्ग ठरवून संदेशात लिहितो, आणि वाटेत क्षमता कमी पडली तर कॉल मागे फिरून दुसरी वाट धरतो. एटीएममधलं सर्वात विचारपूर्वक केलेलं काम हेच.

तोवर रहदारी आयपीची, म्हणजे इंटरनेटच्या पॅकेटांची, झाली होती. १५०० बाइटच्या पॅकेटला ३२ सेल लागतात, नुसती हेडरं १६० बाइट, आणि त्यातला एक सेल हरवला की अख्खं पॅकेट वाया. २००१ मध्ये प्रमाणित झालेल्या एमपीएलएस या तंत्राने लेबल (असाच लिंकपुरता आकडा) बदलत पुढे पाठवण्याची पद्धत ठेवली, सेल सोडला, आणि २० बिटांचं लेबल थेट पॅकेटला लावलं.